गाडीवर आहे, नंतर बोलतो

वाहन चालवताना फोन हाती घेतला की नजर रस्त्यावरून हटते, एक हात स्टिअरिंगवरून किंवा हँडलवरून सुटतो आणि मन तिसरीकडेच जाते. यातले पहिले दोन दोष उघड दिसतात, म्हणून पोलिस, कायदा आणि घरची माणसे त्यांच्याविषयीच बोलतात. तिसरा दिसत नाही. कानात ब्लूटूथ अडकवून दोन्ही हातांनी व्यवस्थित गाडी चालवणारा माणूस बघणाऱ्याला शिस्तीचा वाटतो; पण त्याचे लक्ष त्या वेळी रस्त्यावर असेलच असे नाही. फोन आणि वाहन यांचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न हातापेक्षा मनाचा अधिक आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा गाडीची किल्ली फिरवण्याआधीच द्यावे लागते.

नजर हटण्याचा हिशेब सोपा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात साधारण 17 मीटर पुढे जाते. आलेला संदेश उघडून वाचायला पाच सेकंद लागले असे धरले, तर तेवढ्या वेळात गाडीने 83 मीटर अंतर न बघता कापलेले असते. एसटीच्या सात गाड्या एकामागोमाग उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, जवळपास तेवढे हे अंतर. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. तिथे हीच पाच सेकंदे सुमारे 167 मीटरची होतात. शिवाय समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे साठच्या वेगात गाडी थांबायला सुरुवात होण्याआधीच 17 ते 25 मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरावर त्यानंतर आणखी सुमारे 20 मीटर लागतात. पावसात हे अंतर कितीतरी वाढते.

मनाचा हिशेब असा मीटरमध्ये मांडता येत नाही, पण त्यावर अभ्यास बरेच झाले आहेत. कॅनडातील टोरांटो येथे डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी अपघात झालेल्या 699 चालकांच्या फोन कंपन्यांकडील नोंदी तपासल्या. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की फोनवर बोलताना अपघाताचा संभव सुमारे चौपट होतो, आणि फोन हातात न धरता बोलल्याने त्यात फरक पडल्याचे दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आज चौपटीचाच आकडा सांगते आणि हात मोकळे ठेवून बोलणे फारसे सुरक्षित नाही, असेही बजावते.

असे का व्हावे? फोनवरून घरच्या माणसाने विचारले, की कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे, तर उत्तर देण्यासाठी चालक मनाने घरी जातो, खोलीत शिरतो, फडताळावरचा डबा उघडून बघतो. तेवढ्या क्षणी डोळे समोरच असतात, पण त्या डोळ्यांना दिसलेले मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. रस्ता ओलांडणारी म्हातारी दिसूनही दिसत नाही. अपघातानंतर अनेक चालक जे सांगतात, ‘तो अचानकच समोर आला’, ते खोटे असतेच असे नाही; त्यांच्यापुरते तो अचानकच आलेला असतो. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि फोनवर बोलणे यात म्हणूनच मोठा फरक आहे. शेजारच्यालाही रस्ता दिसतो. समोर ट्रक आडवा आला की तो आपोआप गप्प बसतो, कधी चालकाआधी तोच ओरडतो. फोनपलीकडच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो बोलतच राहतो आणि उत्तराची वाट बघतो.

बोलणे संपले म्हणजे लक्ष लगेच परत येते, हाही गैरसमज आहे. युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एएए फाउंडेशनसाठी केलेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बोलून आज्ञा देण्याच्या काही यंत्रणा वापरल्यानंतर चालकाचे मन पूर्ववत रस्त्यावर यायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागल्याचे आढळले. सिग्नलला थांबल्यावर व्हॉट्सअॅप बघणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दिवा हिरवा होतो, मागचे हॉर्न वाजवतात, गाडी निघते, आणि चौकातले पहिले काही मीटर, म्हणजे पादचारी आणि राँग साइडने येणारे दुचाकीस्वार जिथे हमखास असतात तो सगळा भाग, अर्ध्या लक्षाने पार होतो. सिग्नलला गाडी थांबलेली असते, उभी केलेली नसते. हा भेद मराठीत स्पष्ट आहे.

भारतात याची नोंद किती होते? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसे दगावली. मोबाइल वापरल्यामुळे झालेले मृत्यू त्यांत सुमारे दोन टक्के दाखवले आहेत. हे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमीच धरायला हवे. अतिवेगाच्या खुणा रस्त्यावर उमटतात, दारूचा वास येतो. पण धडकेच्या क्षणी हातात फोन होता की नाही हे पंचनाम्यात येण्यासाठी कोणीतरी ते पाहिलेले असावे लागते, किंवा कॉलच्या नोंदी मागवाव्या लागतात. किरकोळ अपघातात एवढी खटपट क्वचितच होते.

कायदा याबाबत पूर्वीपेक्षा नेमका झाला आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 184 मध्ये धोकादायक वाहन चालवण्याबद्दल शिक्षा आहे. 2019 च्या दुरुस्तीने हातात धरलेले संपर्क उपकरण वाहन चालवताना वापरणे हे कृत्य त्यात नाव घेऊन घातले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्षात रस्त्यावर बहुतेकांची सुटका तडजोड शुल्क भरून, म्हणजे चलनावर होते, म्हणून कैदेची तरतूद अनेकांना ठाऊकच नसते. दंडापेक्षा जास्त जाचक ठरू शकते ते परवान्याचे निलंबन. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्येच राज्यांना सांगितले होते, की फोनवर बोलत वाहन चालवणाऱ्याचा परवाना किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करावा. वाहन चालवण्यावर ज्याचे पोट आहे त्याच्यासाठी तीन महिने म्हणजे दंडाच्या कितीतरी पट नुकसान. आणि निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेला, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत ही मर्यादा दोन वर्षांची होती.

एक सवलत मात्र आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या बदलानुसार हातातले उपकरण केवळ मार्ग शोधण्यासाठी आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. याचा अर्थ नकाशा लावून फोन स्टँडवर ठेवणे चालते. एका हातात फोन धरून नकाशा मोठा-लहान करत जाणे या सवलतीत बसत नाही. परवाना, विमा, नोंदणीपत्रही फोनवरच्या डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधून दाखवले तरी ग्राह्य धरले जाते. पोलिसाने हात केला की आधी गाडी बाजूला घ्यावी, मग फोन काढावा. लांबून पोलिस दिसला म्हणून चालत्या गाडीवरच डिजिलॉकर उघडू पाहणारेही आढळतात.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. फोनची बहुतेक कामे निघण्याआधी पाच मिनिटांत उरकतात. जायचे ठिकाण नकाशात आधीच घालून ठेवावे, आवाजी सूचना सुरू कराव्यात आणि संपूर्ण मार्ग एकदा डोळ्यांखालून घालावा. किती किलोमीटरवर घाट आहे, महामार्ग कुठे सोडायचा, शहरात शिरताना उड्डाणपुलावर चढायचे की खालून जायचे, एवढे डोक्यात बसले तरी वाटेत पडद्याकडे बघायची गरज निम्म्याने कमी होते. कोकणात उतरताना किंवा सह्याद्रीतल्या आडवाटांवर नेटवर्क जाते. त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवला की ऐन वळणावर फोन हलवून बघण्याची पाळी येत नाही. गाणीही निघण्यापूर्वीच लावून ठेवावीत. नको असलेले एखादे गाणे ऐकून कोणाचे काही बिघडलेले नाही.

येणाऱ्या फोन-संदेशांच्या सूचना बंद ठेवण्याची सोय आता जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असते. आयफोनमध्ये ‘ड्रायव्हिंग फोकस’ आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ असते आणि अनेक फोनांत ते गाडीच्या ब्लूटूथशी जोडता येते, म्हणजे गाडीत बसले की ते आपोआप सुरू होते. आई-वडील, मुलांची शाळा, रुग्णालयात कोणी असेल तर तो क्रमांक, एवढ्यांना त्यातून वगळून ठेवता येते. काही फोन परस्पर उत्तरही पाठवतात. तिथे कंपनीचे ठरावीक इंग्रजी वाक्य राहू देण्यापेक्षा ‘गाडीवर आहे, नंतर बोलतो’ हे आपल्या भाषेत लिहून ठेवावे. समोरच्याला ते लगेच कळते आणि रागही येत नाही. मनगटावर स्मार्ट घड्याळ असेल तर तेही गप्प करायला विसरू नये. फोन डिक्कीत आणि घड्याळ हँडलवर थरथरतेय, असे असेल तर फोन बंद करून काहीच साधले नाही.

मोटारीत फोन ठेवायची जागा दोन प्रकारे चुकते. मांडीवर किंवा गिअरजवळच्या खळग्यात ठेवलेला फोन बघायला मान खाली जाते आणि रस्ता पूर्णपणे दिसेनासा होतो. शिवाय जोरात ब्रेक लागला की तो पायाशी जाऊन पेडलखाली अडकू शकतो. उलट काचेच्या मधोमध चिकटवलेला फोन रस्त्याचाच तुकडा झाकतो. डॅशबोर्डवर, काचेच्या खालच्या कडेला, मान न वळवता दिसेल पण समोरचे काही झाकणार नाही अशी जागा निवडावी. एअरबॅग जिथून उघडते त्या भागासमोर स्टँड नको. नकाशाची गरज नसलेल्या रोजच्या रस्त्यावर, घर ते कचेरी एवढाच प्रवास असेल तर, स्टँडही नको. फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत ठेवला की तो उचलावासा वाटला तरी उचलता येत नाही. मनावर ताबा ठेवण्याच्या सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा आहे.

गाडी ब्लूटूथने जोडलेली असेल आणि फोन घेणे भागच पडले, तर बोलणे एका वाक्याचे असावे: ‘चालवतोय, थांबून फोन करतो.’ पैशांचे व्यवहार, ऑफिसची मीटिंग, भांडण, वाईट बातमी यांपैकी काहीही चालत्या गाडीत होऊ नये. फोनवर मीटिंगला ‘नुसते ऐकायला’ बसणारे नोकरदार सकाळी सगळ्या शहरांत दिसतात. त्यांना मध्येच प्रश्न विचारला जातो आणि ते म्यूट काढण्यासाठी पडद्यावर बोट शोधू लागतात. कर्मचारी प्रवासात असल्याचे माहीत असूनही त्याला मीटिंगमध्ये घेणारा वरिष्ठ इथे कमी दोषी नाही.

नकाशा चुकला तर काय करायचे हेही आधीच ठरलेले असावे. उत्तर एकच, पुढे जात राहायचे. नकाशा स्वतःहून नवा मार्ग काढतो, फार तर चार-पाच किलोमीटरचा फेरा पडतो. उड्डाणपुलाच्या तोंडाशी, जिथे रस्ता दुभागतो त्या पांढऱ्या पट्ट्यांवरच गाडी थांबवून फोनमध्ये डोकावणारे आणि फाटा चुकला म्हणून द्रुतगती मार्गावर गाडी मागे घेणारे, या दोघांनी वाचवलेली मिनिटे फार महाग पडू शकतात.

दुचाकीवर प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तिथे एक हात सुटला की तोलही जातो. हेल्मेट आणि गाल यांच्या फटीत फोन खोचून बोलत जाणारे महाराष्ट्राच्या प्रत्येक शहरात आहेत. पुण्यात तोंडाला बांधलेल्या स्कार्फमध्येही तो खोचला जातो. यात हात मोकळे राहतात एवढेच. मान एका बाजूला कलते, हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, आणि पडल्यास गालफडाशी काच आणि धातूची एक कडक पट्टी असते. दोन्ही कानांत इअरफोन घालून जाणे तितकेच वाईट. आपल्याकडे मागून येणाऱ्याची खबर आरशापेक्षा हॉर्नवरूनच जास्त मिळते, आणि इअरफोन नेमकी तीच बंद करतो.

हँडलवरच्या स्टँडवर नकाशा लावायचा असेल तर स्टँड घट्ट हवा आणि पडद्याकडे एक सेकंदाहून जास्त बघावे लागू नये. पुढची दोन-तीन वळणे पाठ करून, ती संपली की थांबून पुन्हा बघणे, ही जुनी पत्ता विचारत जाण्याची पद्धत दुचाकीला अजूनही सर्वांत योग्य आहे. मागे कोणी बसले असेल तर नकाशा त्याच्या हाती द्यावा आणि ‘पुढच्या चौकात डावीकडे’ एवढेच त्याने सांगावे. पावसाळ्यात ओल्या पडद्यावर बोट उमटत नाही, कधी थेंबच काहीतरी दाबतात. तेव्हा फोन सरळ डिक्कीत ठेवावा. जाता जाता खिशाची एक गोष्ट: मोठ्या इंजिनाच्या दुचाकीच्या हँडलवर फोन सतत लावल्यास कंपनांमुळे कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते, असा इशारा अॅपलने 2021 मध्ये दिला होता. जिवाची भीती ज्यांना थांबवत नाही त्यांना हा खर्च कदाचित थांबवेल.

थांबून बोलावे, हे सगळेच सांगतात. कुठे थांबावे हे फारसे कोणी सांगत नाही. शहरात डावीकडे इंडिकेटर देऊन गल्लीत किंवा पार्किंगच्या जागेत गाडी घ्यावी, इंजिन बंद करावे, मग फोन. वळणावर, पुलावर, बसथांब्यावर आणि चौकापासून अगदी जवळ थांबू नये. द्रुतगती मार्गाच्या कडेची पट्टी फोनसाठी नसते, ती बिघाड किंवा अडीअडचणीसाठी असते. त्या पट्टीवर उभ्या असलेल्या वाहनाला मागून येऊन धडकणे हा महामार्गावरचा नेहमीचा आणि बहुधा जीवघेणा अपघात आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग जेमतेम 95 किलोमीटरचा आहे. खालापूरजवळचा फूड मॉल किंवा पुढचा पेट्रोलपंप येईपर्यंत फोन थांबू शकतो. पेट्रोलपंपावरही तेल भरण्याच्या यंत्रापासून दूर, कोपऱ्यात गाडी लावूनच बोलावे.

ज्यांचा धंदाच फोनवर चालतो त्यांना ‘फोन बंद ठेवा’ हा उपदेश फुकाचा आहे. रिक्षा, टॅक्सी आणि घरपोच डबे पोहोचवणारी मुले यांना ऑर्डर फोनवरच येते आणि ती काही सेकंदांत स्वीकारावी लागते. त्यांच्यापुरता व्यवहार्य नियम असा, की एक फेरी पूर्ण होईपर्यंत दुसरी ऑर्डर चालत्या गाडीवर घ्यायची नाही, आणि घ्यायचीच तर आधी कडेला थांबायचे. यात काही ऑर्डरी हातच्या जातात, हे खरे आहे. तो तोटा त्यांच्या एकट्याच्या माथी मारण्यापेक्षा ग्राहकानेही थोडे आवरावे. डबा घेऊन येणारा मुलगा नकाशावर दिसत असताना ‘कुठे पोहोचलास?’ म्हणून फोन करण्यात काय मिळते? पत्ता अवघड असेल तर खुणेची जागा ऑर्डर देतानाच लिहावी. रिक्षात किंवा टॅक्सीत बसल्यावर चालक फोनवर बोलू लागला तर ‘दादा, बाजूला घेऊन बोला, मला घाई नाही’ असे म्हणावे. दुसरे अर्धे वाक्य महत्त्वाचे आहे. प्रवाशाला घाई आहे असे धरूनच तो थांबत नसतो.

घरच्यांचेही तसेच. रात्रीच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला दर तासाला फोन करणे ही काळजीच असते, पण तिचा परिणाम उलटा होतो. निघतानाच लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवले तर घरी बसून गाडी कुठे आहे ते दिसते. नाहीतर ‘पोहोचल्यावर फोन कर’ ही जुनी रीत पुरेशी आहे. चालवणाऱ्याने फोन उचललाच तर पहिला प्रश्न ‘गाडीवर आहेस का?’ असावा, आणि उत्तर ‘हो’ असेल तर बोलणे तिथेच थांबवावे. काम तातडीचे असेल तर फोन शेजारी बसलेल्याला करावा.

मुले गाडीत बसून हे सगळे बघत असतात, हे वेगळे सांगायला नको. सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतच्या गिअर नसलेल्या दुचाकीचा परवाना मिळतो, पण स्टिअरिंगवर फोन टेकवून संदेश लिहिणारा बाप त्यांनी त्याच्या कितीतरी आधी पाहिलेला असतो.

अपघात किंवा बिघाड झाल्यावर मात्र फोन सर्वांत उपयोगी वस्तू ठरते. गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, पार्किंग लाइट लावावेत, माणसांना रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उभे करावे आणि मगच फोन लावावा. 112 हा सर्व आणीबाणीसाठीचा क्रमांक आहे, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108, आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033. दुसऱ्याचा अपघात पाहून मदतीला थांबणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ चे संरक्षण आहे. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. चालत्या गाडीतून अपघाताचे चित्रीकरण करत जाणारे मात्र मदत करत नाहीत, मागच्या रांगेत दुसऱ्या अपघाताची सोय करतात. फोन लागल्यावर ‘घाटाच्या अलीकडे कुठेतरी’ असे सांगून भागत नाही. कोणता महामार्ग, गाडी कोणत्या शहराच्या दिशेने चालली होती आणि कडेच्या किलोमीटरच्या दगडावर किंवा फलकावर कोणता आकडा आहे, हे सांगावे. आकडा दिसत नसेल तर फोनमधला नकाशा उघडून जवळचे गाव, पूल किंवा टोलनाका वाचून दाखवावा.